अहवालातील शेवटची ओळ

महोदय,

आरोग्य पुरवणीतील पोटाच्या तपासण्यांवरील लेखात ‘रुग्णांनी अहवाल स्वतः वाचू नये’ असा सल्ला आहे. तो पटला नाही. सीटी स्कॅनचा अहवाल आता डॉक्टरांच्या आधी मोबाइलवर येतो; तो वाचला जाणारच.

माझ्या आईच्या अहवालात आतड्याची भिंत जाड झाल्याचे लिहिले होते. अहवाल शनिवारी संध्याकाळी मिळाला, डॉक्टर सोमवारी भेटणार होते. ते दोन दिवस पंचवटीतल्या आमच्या घरात कॅन्सरशिवाय दुसरा विचार नव्हता. वास्तविक जाड भिंत म्हणजे निदान नव्हे. नीट फुगलेल्या लहान आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. आतडे आकसलेले असले तर निरोगी भिंतही जाड दिसते. लहान आणि मोठे आतडे जुळते तिथली सूज क्षयाची, क्रोन्स आजाराची (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) किंवा साध्या जंतुसंसर्गाचीही असू शकते. नक्की काय ते बहुधा कोलोनोस्कोपी करून, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून, आतड्याचा छोटा तुकडा तपासूनच कळते. आईला क्षय निघाला. ६ महिन्यांच्या औषधांनी ती बरी झाली.

अहवालाच्या शेवटी बहुतेक वेळा ‘क्लिनिकल कोरिलेशन’ सुचवलेले असते. म्हणजे चित्राबरोबर लक्षणे, वजन, ताप, रक्ततपासणी पाहूनच निष्कर्ष काढावा. नाशिकमधील स्कॅन केंद्रांनी हा अर्थ अहवालावर मराठीत छापावा. सतत उलट्या, पोट फुगणे, शौचातून रक्त जाणे असे झाल्यास सोमवारची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हेही त्याखाली असावे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक