तिसऱ्या ग्रेडनंतर काय वाजवशील?

प्रिय निल्या,

सप्रेम नमस्कार. पियानोची तिसरी ग्रेड आटोपली, आता बरोबर त्याच पातळीचे पीस (रचना) कसे शोधायचे, असं विचारलंस. पहिली गोष्ट म्हणजे आकडा कुणाचा आहे ते बघ. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा-संस्था ८ ग्रेडवर थांबतात, टोरांटोची रॉयल कॉन्झर्व्हेटरी १० पर्यंत जाते. जर्मन प्रकाशक हेन्ले १ ते ९ आकडे लावतो: ३ पर्यंत सोपं, ६ पर्यंत मध्यम, पुढे कठीण. हेन्लेची ४ म्हणजे चौथी ग्रेड नव्हे. बेथोव्हनचा 'फ्यूर एलिझ' तिथे ४ वर आहे, पण चौथी ग्रेड झालेल्याला तो अख्खा झेपेलच असं नाही.

त्याचं कारण पीसमध्येच आहे. सुरुवात कुणालाही येते, म्हणून सगळे तेवढीच वाजवतात. पुढे एफ मेजर स्केलमधला भाग येतो, त्याच्या शेपटीला उजव्या हाताला भराभर स्वर. त्यानंतर डाव्या हाताला एकच 'ए' स्वर सतत ठोकायचा आणि वर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर). मग ट्रिपलेटमध्ये (तीन-तीन स्वरांच्या गटांत) वर चढणारा आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक, आणि लगेच क्रोमॅटिक, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या स्वराची उतरण. म्हणून कुठलाही पीस निवडताना पहिलं पान बघू नकोस. स्वरांच्या गर्दीने सगळ्यात काळी दिसणारी ओळ शोध, तिथले चार बार अर्ध्या वेगात वाजव. दोन-तीन दिवसांत ते न अडखळता आले नाहीत, तर पीस तूर्त बाजूला ठेव.

सोनाट्याचा (अनेक भागांच्या मोठ्या रचनेचा) आकडा अख्ख्या कृतीचा की एका भागाचा, हेही तपास. बेथोव्हनचा 'मूनलाइट' सोनाटा हेन्लेत ७ वर, कारण तिसरा भाग प्रेस्टो, म्हणजे अतिजलद आहे. पहिला भाग संथ, पण फसवा: उजव्या हाताची करंगळी धून धरते आणि बाकीची बोटं त्याच वेळी ट्रिपलेट वाजवतात. धून ठळक आणि ट्रिपलेट दबक्या आवाजात, हे एकाच हातातून काढणं तुला इतक्यात जमायचं नाही.

तू आत्ता बुर्गम्युलरच्या ओपस (रचनाक्रमांक) १०० मधले २५ एट्यूड, म्हणजे सरावाचे पीस, घे. दुसरा, 'अरेबेस्क', छान आहे. उजव्या हाताची धाव पटकन बसते, मधल्या भागात तीच डाव्या हाताला आली की मनगट आवळतं आणि चौथं बोट मागे पडतं. तेवढा भाग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावून सुटा घे. छापील १५२ च्या वेगाकडे सध्या बघूही नकोस. सोबत शूमानच्या ओपस ६८ मधले सुरुवातीचे पीस आणि क्लेमेंटीची ओपस ३६ मधली पहिली सोनाटिना (छोटा सोनाटा).

शोधताना टोपणनाव नको, ओपस नंबर टाक. नुसतं नाव टाकलंस की सोप्या केलेल्या आवृत्त्या पुढ्यात येतात, आणि त्यांची पातळी मूळ पीसशी जुळत नाही. मूळ स्वरलिपी आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळते. मात्र जुन्या संपादकांनी स्लर (स्वर जोडून वाजवायच्या कमानी) आणि बोटांचे आकडे पदरचे घातलेले असतात, म्हणून दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघ.

एबीआरएसएमचा अभ्यासक्रम उतरवून घे, तोही फुकट आहे. त्यात ए यादीत चपळ पीस, बी यादीत गाते, सी यादीत नाना शैलींचे. प्रत्येकीतून एक घेतलास की हात एकाच वळणाचा होत नाही. निवडलेले तीन मला कळव.

तुझा,
मन्या