मदतीच्या पोस्टखाली हिशोबही दिसू दे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा सांगली-कोल्हापूरला अख्ख्या महाराष्ट्रातून मदत आली, आणि त्यातली कितीतरी व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकमुळेच आली हे मान्यच करायला हवं. पण तेव्हाच हेही बघितलं की हायवेलगतच्या गावात ट्रकवर ट्रक, जुन्या कपड्यांचे ढीग, आणि आतल्या वस्त्यांवर प्यायच्या पाण्याची बोंब. कारण फिरत होत्या त्या पोस्टवर ना तारीख ना गावाचं नाव, गरज भागली तरी फॉरवर्ड चालूच.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, सोलापूर, धाराशिव, बीडकडे जमिनी अक्षरशः खरवडून गेल्या, तेव्हाही तेच. आमच्या ग्रुपवर एक क्यूआर कोड आला, खाली 'पूरग्रस्तांना मदत करा' एवढंच, स्कॅन केला तर वर नाव कुणा एका माणसाचं, ट्रस्टचं नाहीच. माणूस प्रामाणिक असेलही हो, पण पैसे किती जमले, कुठे गेले, विचारायचं कुणाला? विचारलं तर ग्रुपवर लगेच 'चांगल्या कामात खोडा घालू नका' म्हणून गप्प करतात, हे मला अजिबात पटत नाही. गल्लीतल्या नोंदणी नसलेल्या गणपती मंडळाला वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते, नंतर हिशोब द्यावा लागतो, मग मोबाईलवर लाखो रुपये गोळा करणाऱ्याला का विचारू नये?

यात खरं नुकसान होतं ते वर्षानुवर्षं नीट काम करणाऱ्या छोट्या संस्थांचं. त्यांच्याकडे नोंदणी असते, आयकरात सवलत मिळवून देणारी ८० जीची पावती असते, ऑडिट असतं, पण रील बनवायला माणूस नसतो. आणि एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी त्यांनाही हात आखडूनच देतो. माझं म्हणणं एवढंच की पोस्टवर तारीख, गाव, नेमकं काय हवंय, संस्थेचा नोंदणी नंबर आणि संस्थेच्याच नावाचं खातं असावं, आणि पुरेसं जमलं की 'आता थांबा' असं त्याच ग्रुपवर टाकावं.

तुमच्या पेपरलाही विनंती आहे, मदतीचं आवाहन छापाल तेव्हा हा नोंदणी नंबर छापाच, आणि दोन महिन्यांनी त्याच पानावर जमाखर्चही छापा.

आपला,
एक वाचक, सांगली