डबीवर ‘मूळ’ लिहिणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

मुंबईच्या बोरा बाजारातल्या तुमच्या टेबलावरून ग्राफ्लेक्सची नळी परत आली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि सोबत कॅमेऱ्याच्या रिळाची एक काळी डबी. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तुमच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द: ‘मूळ’. हे पत्र त्या डबीसाठी आहे.

इतर वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. ग्राफ्लेक्स ही न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची कंपनी होती. तिचा स्पीड ग्राफिक कॅमेरा म्हणजे एके काळी वृत्तछायाचित्रकारांचा उजवा हात. आपल्याकडे पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनीही तो वापरला. त्याच्या फ्लॅशगनची तीन सेलची चकचकीत दांडी, म्हणजेच ही नळी, लंडनच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात रॉजर ख्रिश्चन या सेट डेकोरेटरला सापडली, आणि १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ती नायक ल्यूकची प्रकाश-तलवार (लाइटसेबर) झाली. वरची परावर्तक तबकडी काढायची, खाली टी आकाराच्या काळ्या प्लॅस्टिक पट्ट्या चिकटवायच्या, बुडाला कडी लावायची आणि नळीवरच्या क्लॅम्पमधली मूळ संपर्कपट्टी सरकवून काढून तिथे जुन्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची फुगीर भिंगपट्टी बसवायची. मला माझ्या नळीची तशीच तलवार करून हवी होती. ऐकायला तासाभराचं काम.

तुमच्याआधी ती नळी दोन ठिकाणी फिरली होती. एकाने न विचारता पॉलिशच्या चाकावर (बफवर) धरली. वरचा मुलामा पातळ, आत पितळ. दोन मिनिटांत कडेला पिवळी चंद्रकोर उमटली. दुसऱ्याने आत फुगून बसलेला सेल काढायला सरळ हातोडी उचलली आणि नळीला पोचा आणला. वर ‘भंगारच तर आहे’ हे वाक्य दोघांचंही. भंगार होतं, तर पैसे कसले घेतलेत?

तुम्ही हातोडीला हात लावला नाहीत. आधी पांढरी बुरशी बघितलीत. अल्कलाइन सेलची गळती म्हणून ड्रॉपरने व्हिनेगर, तेही थेंब थेंब, आणि लगेच पुसून कोरडं. (जुना कार्बन-झिंक सेल गळला असेल तर उलट, खायच्या सोड्याचं पाणी.) पितळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि धातू गुलाबी पडतो, हे तुम्ही सांगितलंत. मग कडेने तेल सोडून रात्रभर नळी उलटी उभी केलीत. सकाळी सेलच्या मधोमध लांब स्क्रू फिरवून, बाटलीचं बूच काढावं तसा सेल ओढून काढलात. आत शिल्लक राहिली ती नुसती काळी पूड.

कडीसाठी भोक पाडतानाची तुमची पद्धत तर प्रत्येकाने करून बघावी. बुडावर मास्किंग टेपचे दोन थर, म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही आणि कडेचा मुलामा उचकटत नाही. नळीच्या आत, थेट बुडाच्या पत्र्यापर्यंत लाकडी दट्ट्या. आधार नसला तर खूण करायच्या पंचच्या पहिल्याच ठोक्याला पत्रा आत बसतो. आधी दीड मिलिमीटरचं भोक, मग तीनचं, तेही हातड्रिलने. विजेचं ड्रिल शेजारीच पडलं होतं.

काळ्या पट्ट्या किती, सहा की सात, यावर हौशी लोकांची भांडणं संपत नाहीत. तुम्ही भांडणात न पडता नळीला कागदाची पट्टी गुंडाळून सात सारखे भाग मोजलेत. सहा असते तर कागद दुमडूनच भागलं असतं, सातला पट्टी आणि पेन्सिल लागते. सुपरग्लू तुम्ही बाजूला सारलात. त्याची वाफ चकचकीत धातूवर पांढरी साय धरते आणि मग ती घासताना मुलामा जातो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावलीत. उन्हात टेप थोडी सरकते हे खरं, पण पट्टी उद्या काढता येते. भिंगपट्टीही कातरीने नाही, सोनाराच्या बारीक करवतीने कापलीत, कारण कातरीखाली ते प्लॅस्टिक तडकतं.

आणि हे सगळं झाल्यावर ती डबी. मूळ संपर्कपट्टी, दोन स्क्रू, एक स्प्रिंग, प्रत्येकाला कागदाची वेगळी पुडी. ‘उद्या कुणाला परत फ्लॅश लावायचा झाला तर?’ एवढंच म्हणालात. ती तलवार कुठल्या सिनेमातली हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, विचारलंतही नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी रॉचेस्टरमध्ये कुणीतरी नीट बसवलेला स्क्रू आपल्या टेबलावरून हरवू नये, ही काळजी तुम्ही घेतलीत. अशी माणसं बिलावर दिसत नाहीत. हिशोब दोनशे रुपयांचा असो की दोन हजारांचा, त्यांचा हात तेवढाच हळू चालतो.

भोक पाडताना निघालेला पितळेचा कीससुद्धा एका पुडीत आहे. तो कशाला ठेवलात ते मात्र अजून कळलेलं नाही.

रिळाच्या रिकाम्या डब्या आणखी असतील तर एक राखून ठेवा. दुसरी नळी पुढच्या आठवड्यात येते आहे, आणि तिच्यात तीनही सेल अडकलेले आहेत.