जूनमधला पेपर

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. बडोद्याच्या कॉलेजातली शिकवायची जागा मी घेत नाहीये, इथलं ऑनलाइन कोर्स बनवायचं कामच चालू ठेवतेय. शुक्रवारी कळवूनही टाकलं. आई, लगेच डोळे पुसायला लागू नकोस, पुढे वाच.

बाबा, "पडद्यावरून कसलं शिकवणं, पोराचा चेहरा दिसत नाही," हे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. नाहीच दिसत. पण गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवणाऱ्या सयाजीरावांचं कौतुक मी तुमच्याच तोंडून ऐकलंय ना? आमचा कोर्स छोट्या दवाखान्यांतल्या नर्सेससाठी आहे. रात्रपाळी टाकून त्या वर्गात कुठून येणार?

शिवाय काम तुमच्याच पद्धतीनं चाललंय. वार्षिकचा पेपर तुम्ही जूनमध्येच काढून कपाटात ठेवायचात. शेवटी पोराला काय यायला हवं ते आधी ठरवायचं, मग धडा. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं. चाळीस-चाळीस मिनिटं बोलून ठेवलं. कोण कुठे थांबलं ते इथे दिसतं, आणि दहाव्या मिनिटाला निम्म्या गळालेल्या. 2014च्या एका अभ्यासात व्हिडिओ 69 लाख वेळा कसे पाहिले गेले ते तपासलं होतं. सहा मिनिटांपुढे माणूस फारसा टिकत नाही असं निघालं. आता सहा मिनिटांचा तुकडा, मध्ये एक प्रश्न.

कोर्स कसा वाटला विचारलं की सगळ्या 'छान' म्हणतात. पाहुणा आमटीला कधी खारट म्हणतो का? प्रशिक्षणाचा उपयोग झाला का हे तपासायच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं 1959मध्येच सांगितल्या: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, त्यानं फरक पडला का. आमच्या बीपीच्या धड्यावर सगळ्या पास. महिन्यानं एका वॉर्डात जाऊन उभी राहिले तर पट्टा शर्टाच्या बाहीवरच, आणि पेशंट पाय लोंबकळत ठेवून गप्पा मारतोय. परतताना रिक्षात रडले, बाबा. मग धडाच बदलला. आता एकीनं मोजतानाचा व्हिडिओ पाठवायचा, दुसरीनं चुका काढायच्या.

तेव्हा तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. खंडेराव मार्केटातून पिशवी घेऊन जिना चढता आणि धापा टाकतच मशीन लावता! आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं. पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. त्याआधी अर्धा तास चहा नाही. मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचं. आकडा आवडला नाही म्हणून वहीत खोडायचा नाही. आई, तेव्हा तू त्यांच्याशी बोलू नकोस, भांडण तर नकोच.

माझी काळजी करू नका. पोळ्यांना बाई मिळाल्यात, खोलीत सकाळचं ऊन येतं, आजीची गोधडी आहेच. परवा कणकण होती तर उगाच वाटलं, बाबा उशाशी पेपर तपासत बसलेत, लाल पेन्सिलीची खरखर येतेय. झोप लागली लगेच.

धनत्रयोदशीला येते, चांगली दहा दिवस. जिन्यातला दिवा उद्याच बदलून घ्या. लीलो चेवडो आणून ठेवू नका, तिघं मिळून जाऊ.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, कॉलेजात कुणाला फोन करायचा नाही. जागा भरलीय.