फरशीवर करिंथ आखणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेली पत्रं आहेत. त्यातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आजवर मला ज्यांनी ज्यांनी शिकवला, त्यांनी सत्ताविसावं वचन तेवढं उगाळलं आणि ‘अयोग्य’ ठरवलेल्यांना प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षारसाच्या ख्रिस्ती विधीपासून) लांब ठेवलं. एकविसाव्या वचनात उपाशी कोण राहिलं, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. ती तुम्ही घेतलीत, म्हणून हे जाहीर आभार.

मुख्य आभार मात्र खडूचे. तुम्ही गुडघे टेकून फरशीवर साडेपाच बाय साडेसात मीटरचा चौकोन आखलात. करिंथजवळच्या आनाप्लोगा इथल्या रोमन घराची ही जेवणखोली. तीन बाजूंना कोच, डाव्या कोपरावर रेलून जेवणारे नऊच जण. बाहेरचा चौक पाच बाय सहा, त्यातही मधोमध पावसाच्या पाण्याचं कुंड. मंडळी चाळीसेक धरली, तर उरलेले तिथे दाटीवाटीने. गुलाम आणि हातावर पोट असलेले कामावरून सुटून येईपर्यंत आतल्यांचं उरकलेलंही असणार! असा पंक्तिप्रपंच तेव्हा रुळलेला होता. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने वर्णन केलेला एक यजमान पाहुण्यांच्या दर्जानुसार तीन प्रतींचं मद्य वाढतो. बायबलचे अभ्यासक गेर्ड टाइसेन यांचं यावरचं विवेचन पूर्वी वाचलं होतं, पण ते दिसलं त्या चौकोनात.

आणि लगेच तुम्हीच बजावलंत, “यावर फार विसंबू नका.” पौलाची मंडळी त्या घरात जमल्याचा पुरावा नाही. अभ्यासक डेव्हिड हॉरेल यांनी 2004 मध्ये त्याऐवजी करिंथच्या नाट्यगृहाच्या पूर्वेकडच्या साध्या इमारती सुचवल्या. दुसरे अभ्यासक जस्टिन मेगिट यांना मंडळीत श्रीमंत होते हेच मान्य नाही. लानुवियमचा 136 सालचा शिलालेखही तसाच जपून वापरायचा. तिथल्या एका मंडळाच्या भोजनाचे नियम त्यात झकास आहेत: माणशी चार सार्डिन, गोंधळ घालत जागा बदलली तर 4 सेस्टर्स (रोमन नाणी) दंड. पण तो इटलीतला, पत्रानंतर ऐंशीएक वर्षांनी कोरलेला. शिवाय पौल स्वतः करिंथमध्ये हजर नव्हता. ‘मी ऐकतो, आणि काही अंशी खरं मानतो’ असं अठराव्या वचनात तोच सांगतो. त्याच्या प्रत्येक फटकाऱ्यामागे घडलेला प्रसंग शोधणारे नेमके इथेच घसरतात.

आपणच आखलेल्या रेघेवर शंका घ्यायला लावणारा शिक्षक विरळा. हा सरळपणा सगळ्याच व्यासपीठांवर दिसता तर किती भांडणं वाचली असती!

आता मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा आठवा अध्याय बाकी आहे. कधी बसायचं, तेवढं कळवा.

आपला,
एक विद्यार्थी