न धरणारा रातांबा तोडण्याआधी आम्हाला हाक मारा

गावातील समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि माहेरवाशिणी यांस गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा नमस्कार.

रातांबे, म्हणजे आपले कोकम, फुलले आहेत. आणि दरवर्षीप्रमाणे याच दिवसांत कोयत्याही निघाल्या आहेत. फळ धरत नाही म्हणून जे कोकमाचं झाड यंदा तोडायचं तुम्ही ठरवलं असेल, त्याला हात लावण्याआधी समितीच्या कोणाही सदस्याला बोलवा, एवढी पहिली विनंती.

पपईसारखंच कोकमातही नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. क्वचित एखाद्या झाडावर दोन्ही गुण दिसतात. बी पडून उगवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फूल येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, ते कळत नाही. इतकी वर्षं राखलेलं झाड 'वांझ' निघालं की माणसाचा जीव जळतो, हे आम्ही समजू शकतो. हे लिहिणाऱ्याने स्वतः विहिरीकडचं असं एक झाड जळणासाठी तोडून घेतलं आहे. ते नर होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आज त्याची फार हळहळ वाटते.

ओळखायचं कसं? फांदीच्या टोकाशी वाका आणि फूल हातात घ्या. नराची फुलं झुपक्याने येतात आणि प्रत्येकाच्या मध्ये पुंकेसरांची गच्च पिवळसर गोळी असते. मादीचं फूल बहुधा एकटं-दुकटं. पाकळ्यांच्या मधोमध हिरवी गोल गाठ असते, तिच्या डोक्यावर चिकट चकती. ती गाठ म्हणजेच पुढचा रातांबा.

एक-दोन नर ठेवले तरी फळ धरतं, मग बाकीचे कशाला, असं कोणी म्हणेल. फळापुरतं ते खरंही असेल. पण वारशाचा हिशेब निराळा आहे. समजा एका रानात 50 माद्या आणि 2 नर उरले. डोळ्यांना 52 झाडं दिसतात, पण पुढच्या पिढीतल्या प्रत्येक रोपाचा बाप त्या दोघांपैकीच एक. आनुवंशशास्त्राच्या सूत्राने, वारशातल्या विविधतेपुरतं, हे रान जेमतेम 8 झाडांइतकं ठरतं. तेच 26 नर आणि 26 माद्या असत्या तर ते पूर्ण 52 झाडांइतकं भरलं असतं. बाप थोडे म्हणजे पुढे भावंडांचाच आपसांत संकर, आणि त्यातून रोपं अशक्त होत जाण्याचा धोका.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या जाती चांगल्याच आहेत, बागेत त्या जरूर लावा. पण एका जातीची सगळी कलमं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. नवं काही निघायचं ते बियांतूनच, आणि ते बी रानात आहे. आपल्या देवराईत, वहाळाच्या काठाला, कातळाखालच्या सावलीत उभ्या असलेल्या झाडांत एकासारखं दुसरं नाही. कोणाची साल जाड, कोणाचं फळ काळंभोर, कोणाचं पिवळट. काही झाडांचे रातांबे एप्रिलातच पिकतात. मे महिन्यातल्या अवकाळी पावसाने झाडाखाली फळांचा चिखल झालेला आणि वाळत घातलेली आमसुलं बुरसलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अशा लवकर पिकणाऱ्या झाडाचं मोल वेगळं सांगायला नको. असं झाड नर असेल तर तो गुण फळात दिसत नाही, पण बियांतून पुढे जाऊ शकतो.

म्हणून समितीने दोन कामं हाती घेतली आहेत. फुलोरा संपण्याआधी गावातल्या प्रत्येक जुन्या कोकमाची नर-मादी नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करायची, आणि मे महिन्यात रानातल्या किमान 30 माद्यांचं बी गोळा करून रोपवाटिका उभी करायची. एकाच लगडलेल्या झाडाचं पोतंभर बी सोपं असतं, पण ती सगळी एका आईची लेकरं. आम्हाला दूरदूरच्या झाडांचं मूठ-मूठ बी हवं आहे.

यासाठी माणसं लागतील. दर रविवारी सकाळी देवळासमोरून निघतो. वाडीतली जुनी माणसं सोबत आली तर फारच बरं, कुठलं झाड कुठे ते त्यांनाच ठाऊक. विहिरीजवळची दोन-तीन गुंठे सावलीची जागा कोणी दोन वर्षांसाठी दिली तर रोपवाटिकेचा मोठा प्रश्न सुटेल. पिशव्या, शेणखत, शेडनेट आणि उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्या बाईंची मजुरी यांसाठी पैसे हवेत. चाकरमान्यांनी शिमग्याला येताना यथाशक्ती मदत आणावी. रक्कम लहान असली तरी पावती घ्यावी, हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. ज्यांच्या परड्यात नर झाड आहे त्यांनी ते राखलं, तर ती देणगीच समजून नोंदवहीत तुमच्या घराचं नाव लिहू.

मे महिन्यात बी देताना थोडी काळजी घ्या. फळ पूर्ण पिकलेलं असावं, गर धुऊन काढावा आणि बी सावलीतच निथळू द्यावं. कोकमाचं बी वाळलं की मरतं, ते डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. म्हणून फोडल्यापासून दोन-तीन दिवसांत आमच्याकडे पोचवा. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत बांधा आणि पुडीवर वाडी, जागा आणि झाडाची खूण लिहा.