बंड्या, नवं चापेल सापडलं

लील, फ्रान्स, 3 नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

दोन महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. प्रकृती ठीक, गुडघा तसाच. पण दहा दिवस झाले, एक फोटो मोबाइलमध्ये घेऊन फिरतोय आणि तो तुला पाठवायचा धीर होत नाही.

नव शापेलला जाऊन आलो. हो, तेच. तुझ्या पणजीचं 'नवं चापेल'. फ्रेंचमध्येही 'नव' म्हणजे नवीच रे, नवी चॅपल. म्हणजे म्हातारी अर्धं फ्रेंच अगदी बरोबर बोलायची आणि आपण हसायचो.

जावयाने इथून गाडीने नेलं, तासाभराच्या आत. हजार-दीड हजार वस्ती, विटांची घरं, आणि सपाट म्हणजे किती सपाट! पूर्वेला ओबेरची टेकडी आहे म्हणतात. मी शोधत राहिलो, जावई म्हणाला, आपण बघताय तीच. आपल्या पर्वतीने तिला पाहून पदर तोंडाला लावला असता. पण एवढ्याशा उंचीसाठी पहिल्या महायुद्धात इथे माणसं कापली गेली, कारण खाली सगळी लीस नदीकाठची चिखलवट. जरा खणलं की पाणी. त्या हिवाळ्यात खंदक भरून यायचे, म्हणून मातीच्या पोत्यांच्या भिंती रचून त्यांच्याआड बसायचे. आणि आपली माणसं सप्टेंबर संपता संपता मार्सेयला उतरलेली, अंगात उन्हाळी खाकी.

चौकात भारतीयांचं स्मारक आहे. 1927 सालचं, दिल्लीचं सचिवालय बांधणाऱ्या हर्बर्ट बेकरचं. उंच खांब, वर कमळ, दोन बाजूंना दगडी वाघ, अर्धगोल जाळी. आणि भिंतीवर 4,700 हून जास्त नावं, ज्यांना थडगं मिळालं नाही किंवा अग्नी मिळाल्याची खूण राहिली नाही त्यांची. समोरच पोर्तुगीजांचं कबरस्तान, 1,831 कबरी. म्हटलं, बघा, गोव्याच्या मालकांना भेटायला इथवर यावं लागलं.

आता मुद्द्याचं. नावं पलटणीनुसार कोरलीत. मी 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' शोधलं. आपल्या खडकीची पलटण, बंड्या! ज्यांच्या भिंतीवरून आपण चिंचा पाडायचो ते. आठवीत मी वर्गासमोर म्हणालो होतो ना, की मराठे सगळे मेसोपोटेमियात गेले, फ्रान्सला कुणी नव्हतंच, तुझा पणजोबा मडमेबरोबर पळाला? तू कंपासपेटी हाणलीस. ती खूण अजून आहे भुवईवर. तेव्हा मला वाटलं होतं, चूक तुझी.

28 ऑक्टोबर 1914. गाव जर्मनांनी घेतलेलं. ते परत घ्यायला 47 व्या शिखांबरोबर खडकीच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या पाठवल्या. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी माणसं. पायदळ अपुरं पडलं म्हणून संगीन देऊन सोडली. गल्लीगल्लीत, घराघरात शिरून लढले. मदत आली नाही, मागे फिरावं लागलं. सॅपर्सचा एकही इंग्रज अधिकारी धड राहिला नाही. पडलेले तिथेच राहिले. पुढच्या मार्चमध्ये मोठी लढाई झाली, पस्तीस मिनिटं तोफा, मग गाव घेतलं. तोवर तिथे गाव म्हणण्यासारखं काय उरलं असेल!

तर स्मारकावरच्या त्या यादीत तुझ्या पणजोबाचं नाव आहे. आणि नोंदवहीत तीच तारीख.

पण आडनाव नाही, रे. बापाचं नाही, गावाचं नाही. काहींच्या पुढे लिहिलेलं आहे, ह्याच्यापुढे कोरं. आणि ते नाव म्हणजे आपल्याकडे शीळ घातली तर दहा जण वळून बघतील असं. हाच असेल? तुमच्या पणजीने पेन्शन घेतली, पण कुंकू पुसलं नाही. देह नाही तर सुतक कुणाचं, म्हणायची. नानांनी ते स्वतः पाहिलंय. भाऊबंदांनी मडमेची गोष्ट उठवली ती नानांना आयुष्यभर लागली, आणि मी तीच शाळेत नेली. आता नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला फोटो दाखवून सांगायचं, हे बघा, तुमचे आजोबा पळाले नव्हते? आणि उद्या निघालं की तो दुसराच कुणी होता, तर? म्हातारीने जन्मभर जिवंत ठेवलेल्या माणसाला मी, उपटसुंभाने, मारून टाकलं असं होईल. रात्री झोप लागत नाही. बायको म्हणते, तुला काय करायचंय? तिला कंपासपेटी माहीत नाही.

चिंगीचं लग्न ठरलं म्हणे, छान झालं. जमीन विकू नकोस, दादाचं ऐकू नकोस. सुमनला नमस्कार.

माळ्यावरची ट्रंक काढ. नानांना न सांगता. तळाशी पेन्शनचा कागद आहे, तूच दाखवला होतास एकदा, कडा कुरतडलेला. त्यावर कंपनीचा नंबर असेल तर कळव. 20 किंवा 21 असला तर फोटो पाठवतो, मग नानांना कसं सांगायचं ते दोघं मिळून ठरवू. दुसराच निघाला तर हे पत्र फाडून टाक आणि भेटशील तेव्हा परत एकदा हाण.

तुझा,
अरविंद